कोंबडीखत टाकताय? माती परीक्षणात न दिसणाऱ्या धातूंचे काय

पाथरी तालुक्यातील कापूस, सोयाबीन आणि जायकवाडीच्या कालव्यावरचा ऊस, तिघांनाही सेंद्रिय खत हवे. गोठ्यातली जनावरे कमी झाली, उकिरडे आटले, की ट्रॉलीभर कोंबडीखत आणण्याचा पर्याय उरतो. खत चांगलेच आहे. पण त्याच्याबरोबर जस्त, तांबे आणि कधी आर्सेनिक, कॅडमियमही शेतात उतरते.

खतात धातू येतो कुठून?

कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी जस्त-तांब्याचे क्षार मिसळतात. त्यातला थोडाच भाग अंगी लागतो, बाकीचा विष्ठेतून बाहेर पडतो. खत कुजवल्याने धातू नाहीसा होत नाही. उलट खताचे वजन घटते आणि किलोमागे धातूचे प्रमाण वाढते. नत्र पीक घेते, हवेत उडते, पाण्याबरोबर वाहून जाते. धातू मात्र बहुतांशी वरच्या वितीभर मातीतच राहतो.

समजा, कोरड्या खतात किलोला ४०० मिलिग्रॅम जस्त आहे आणि एकरी २ टन खत पडले. म्हणजे ८०० ग्रॅम जस्त. एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो, म्हणजे वर्षाला किलोमागे एक मिलिग्रॅमही भर नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या मातीत मुळात जस्ताची कमतरताच मोठी. त्यासाठी शेतकरी पैसे मोजून झिंक सल्फेट टाकतात.

प्रश्न आहे तो एकाच तुकड्यात वर्षानुवर्षे खत ओतण्याचा, विशेषतः पोल्ट्री शेडला लागून असलेल्या रानात. काळी माती धातू घट्ट धरून ठेवते, त्यामुळे पिकावर लगेच काही दिसत नाही. नेमके म्हणूनच साठा वाढल्याचे कळत नाही. तांबे जास्त झाले तर पहिला फटका गांडुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना बसतो.

पत्रिका काय सांगते?

२०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात. जस्त आणि तांबे त्यात आहेत, पण कमतरता शोधण्यासाठी. आर्सेनिक, कॅडमियम, शिसे यांचा रकानाच नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा आहेत: किलोमागे जस्त १,००० मिलिग्रॅम, तांबे ३००, कॅडमियम ५. सुट्या विकल्या जाणाऱ्या ट्रॉलीला ना गोणी, ना लेबल.

इतरत्र उपाय खाद्यापासूनच झाले. अमेरिकेत आर्सेनिकयुक्त रोक्झार्सोनची विक्री २०११ मध्ये थांबली. युरोपीय संघाने डुकरांच्या पिलांना औषध म्हणून झिंक ऑक्साईड देणे २०२२ मध्ये बंद केले.

आपल्याकडे निदान भरपूर कोंबडीखत पडणाऱ्या शेतांचे नमुने दर पाच वर्षांनी या धातूंसाठी तपासले जावेत. परभणीतच कृषी विद्यापीठ आहे. सुरुवात पाथरीतून करायला अडचण नसावी. तोपर्यंत शेतकऱ्याने खताचा तुकडा दरवर्षी बदलावा आणि पत्रिकेत जस्त पुरेसे दिसले, तर त्या हंगामात झिंक सल्फेटचा खर्च वाचवावा.