यादी १९८७ ला थांबते

शिक्षकावरचा चित्रपट कसा संपणार हे पहिल्या वीस मिनिटांतच कळते, आणि तरीही आपण शेवटपर्यंत जागचे हलत नाही. वाया गेलेली म्हणून बाजूला टाकलेली तुकडी, नव्याने रुजू झालेला काहीसा विक्षिप्त शिक्षक, त्याला बघून नाके मुरडणारे शिक्षकदालन, मुलांचे आधी टोमणे आणि मग विश्वास, शेवटी निकाल आणि टाळ्या. ‘जागृति’ (१९५४), ‘टू सर, विथ लव्ह’ (१९६७), ‘तारे जमीन पर’ (२००७), ‘हिचकी’ (२०१८), ‘सुपर ३०’ (२०१९) असा प्रवास केला तर देश बदलतात, मुलांची दुखणी बदलतात. साचा मात्र फारसा हलत नाही. यंदाच्या अंकातला विशेष विभाग ‘पडद्यावरची शाळा’ या विषयावर आहे, म्हणून या साच्याबद्दलचा आमचा आक्षेप प्रारंभीच नोंदवतो. हे चित्रपट भाबडे असतात, रडवतात, अशी आमची तक्रार नाही. चित्रपटाने रडवले तर बिघडले कुठे? तक्रार वेगळी आहे. अनेक माणसांनी, अनेक वर्षे खपून, शाळेची घडीच बदलून जे काम केलेले असते, ते हे चित्रपट एका माणसाच्या एका वर्षाच्या तळमळीच्या नावे जमा करतात. मग समाज म्हणून आपणही शिक्षकाकडून तळमळीची अपेक्षा करतो आणि त्याला द्यायचे बाकीचे सारे विसरून जातो.

या साच्यातला सर्वांत चांगला चित्रपट तपासायला घेऊ, कारण सुमार चित्रपटावर आक्षेप घेणे फार सोपे असते. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ १९८८ साली आला. दिग्दर्शक रामोन मेनेंडेझ; मुख्य भूमिकेत एडवर्ड जेम्स ऑल्मोस. या भूमिकेसाठी ऑल्मोस यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. कथा खरी आहे. हाइमे एस्कलांते हे मूळचे बोलिव्हियातले शिक्षक. अमेरिकेत आल्यावर, १९७४ साली, ते पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफिल्ड हायस्कुलात रुजू झाले. मुले बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली. १९८२ मध्ये एस्कलांतेंच्या अठरा विद्यार्थ्यांनी कॅल्क्युलसची अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीची परीक्षा दिली आणि अठराही उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा जणांच्या उत्तरपत्रिका संशयास्पद वाटल्या. त्यांतले बारा जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाले. या प्रसंगात चित्रपट अतिशय धारदार होतो. हीच गुणपत्रिका श्रीमंत वस्तीतल्या शाळेतून आली असती तर संशय आला असता का, हा प्रश्न तो थेट विचारतो, आणि मुलांच्या कुवतीवरची आपली नजर उचलून त्यांच्याकडे पाहणाऱ्या व्यवस्थेवर नेतो. असा रोखठोकपणा या जातीच्या चित्रपटांत क्वचितच दिसतो.

तरीही मुख्य बाबतीत हा चित्रपटसुद्धा साच्याला शरण जातो. पडद्यावर अपूर्णांकांशी झगडणारी मुले जेमतेम दोन वर्षांत कॅल्क्युलसपर्यंत पोहोचतात. प्रत्यक्षात एस्कलांते रुजू झाले तेव्हापासून त्या निकालापर्यंत आठ वर्षे गेली होती. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग त्यांनी १९७८ मध्ये सुरू केला. सुरुवातीला चौदा मुले होती, वर्षअखेरीस पाच उरली आणि त्यांतली दोन उत्तीर्ण झाली. नायकाच्या पदरी दोनच यशस्वी मुले असलेले वर्ष कुठला पटकथाकार मध्यंतरापूर्वी घालील? पण खरे काम अशाच वर्षांत झाले. कॅल्क्युलसला पोहोचायचे तर बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती या पायऱ्या आधी भक्कम हव्यात, आणि त्या बारावीच्या वर्षात घाईघाईने बांधता येत नाहीत. त्यासाठी बेन हिमेनेझ यांच्यासारखे सहकारी खालच्या वर्गांना आधीचे गणित शिकवत होते. ज्या माध्यमिक शाळांतून मुले गारफिल्डला येत, तिथे बीजगणित लवकर सुरू व्हावे म्हणून प्रयत्न झाले. ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग भरू लागले. हेन्री ग्राडियास नावाचे मुख्याध्यापक एस्कलांतेंच्या पाठीशी उभे राहिले. वेळापत्रकात जागा करून देणे, आक्षेप घेणाऱ्यांना तोंड देणे, पैशांची तजवीज करणे ही सगळी कामे त्यांची. चित्रपट पाहून आलेल्या कुणालाही हिमेनेझ किंवा ग्राडियास ही नावे विचारून पाहावीत.

चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर एक यादी झळकते: कोणत्या वर्षी गारफिल्डची किती मुले कॅल्क्युलसची परीक्षा उत्तीर्ण झाली. १९८२ मध्ये १८. मग आकडे चढत जातात आणि १९८७ मध्ये ८७ वर थांबतात. चित्रपट १९८८ चा, तेव्हा यादी तिथे थांबणारच. त्यात लबाडी नाही. पण पुढची वर्षे पाहिली की त्या यादीचा अर्थच बदलतो. १९८७ मध्येच ग्राडियास शाळेतून गेले. एस्कलांतेंच्या वर्गांत पन्नासहून अधिक मुले बसत, आणि शिक्षक संघटनेच्या करारातली मर्यादा पस्तिसाच्या आसपास होती. त्यावरून कुरबूर वाढली. (संघटनेची बाजूही अगदीच टाकाऊ नव्हती. एक जण पन्नास मुलांना शिकवतो असे दिसले की प्रशासन उद्या सगळ्यांसमोर पन्नास बसवणार, ही धास्ती आपल्याकडच्या शिक्षकांना समजावून सांगायला नको.) १९९० मध्ये सहकाऱ्यांनी एस्कलांतेंना गणित विभागाच्या प्रमुखपदावरून दूर केले. १९९१ मध्ये ते शाळा सोडून सॅक्रामेंटोला गेले. त्यांच्यानंतर सूत्रे हाती घेणारा शिक्षकही फार काळ टिकला नाही. १९९६ मध्ये गारफिल्डमधून कॅल्क्युलस उत्तीर्ण झालेली मुले होती ११. वस्ती तीच, घरे तशीच कष्टकऱ्यांची, मुलांची बुद्धीही एकाएकी आटली नव्हती. तळमळीची तर शाळेत उणीव पडायचे कारणच नव्हते. एस्कलांते तोवर देशभर गाजलेले होते, त्यांच्यावर चित्रपट निघाला होता, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सन्मान झाला होता. एवढ्या प्रेरणेच्या जोरावरही ती घडी चार-पाच वर्षे टिकली नाही. आमच्या तक्रारीला याहून बळकट पुरावा सापडणे कठीण.

यावर पहिला आक्षेप कलेच्या बाजूने येईल. दोन तासांच्या चित्रपटात वेळापत्रके, बैठका आणि खालच्या वर्गांचा अभ्यासक्रम दाखवायचा म्हणजे प्रेक्षकांना झोपवायचेच. एक चेहरा हवा, एक लढा हवा. हे म्हणणे ऐकायला रास्त वाटते, पण ते खोडून काढणारे चित्रपट निघालेले आहेत. लोरां काँते यांच्या ‘द क्लास’ या फ्रेंच चित्रपटाला २००८ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यातला पॅरिसचा शिक्षक चांगला आहे, मनापासून शिकवतो, आणि तरीही चुकतो. एका मुलाला शाळेतून काढायचे की नाही, हे ठरवणारी शिक्षकांची बैठक त्यात पाठलागाच्या प्रसंगाइतकी उत्कंठा लावते. आणि फ्रान्सपर्यंत तरी कशाला जायचे? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ २००२ साली आला. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला त्यातला शिक्षक जादूगार नाही. मुलांनी प्रयोगशाळेची मोडतोड केली आहे, तिची भरपाई मुलांनी स्वतः राबून करावी असा मार्ग तो काढतो. पण त्या चित्रपटाची खरी ताकद नावातल्या एका अक्षरात आहे. गुणांप्रमाणे तुकड्या पाडून तळाची मुले ‘फ’मध्ये कोणी बसवली, हा प्रश्न तो प्रेक्षकाला चुकवू देत नाही. सोळा वर्षांनी आलेल्या ‘हिचकी’तही वर्ग नववी ‘एफ’च होता, तिथे मात्र बाई त्या वर्गाला वर काढतात आणि ‘एफ’ का असतो, हा प्रश्न टाळ्यांत बुडून जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हाला निम्मा मान्यही आहे. घडी, व्यवस्था, पाठबळ हे सगळे ठीक, पण सुरुवात कोणीतरी वेडा माणूसच करतो. एस्कलांते नसते तर ग्राडियास कोणाच्या पाठीशी उभे राहिले असते? खरे आहे. सोयींनी भरलेल्या आणि चैतन्याने रिकाम्या शाळा आपण पाहतोच. व्यवस्था असा माणूस घडवू शकत नाही. पण तो आला तर त्याला टिकवायचे की पळवून लावायचे, आणि तो गेल्यावर मागे काय उरणार, हे मात्र तिच्याच हाती असते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. ताराबाई असामान्य होत्या याबद्दल वाद नाही. पण त्यांनी केले काय, तर गुरे वळायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. मुलाला शाळेच्या वेळात बसवण्याऐवजी शाळेला मुलाच्या वेळात बसवले. शिवाय अनुताई वाघ सुरुवातीपासून बरोबरीने काम करत होत्या, म्हणून १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावर काम थांबले नाही. अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत, चालवले. गारफिल्ड आणि कोसबाद यांत माणसांच्या मोठेपणाचा फरक नव्हता. दुसरा माणूस तयार होता की नव्हता, आणि त्याला काम करू दिले की नाही, एवढाच होता.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. २०२३ मध्ये वाढ होईपर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मासिक मानधन ६,००० रुपये होते. वाढीनंतर ते १६,००० झाले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई करते, आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे त्यातून वगळते. त्याशिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, फोटो अपलोड करणे आहेच. पट घसरला की संचमान्यतेत पद जाते आणि तीन वर्षे मुलांशी नाते जोडलेला शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळेत जातो. शिक्षकदिनाच्या भाषणांत यातले काही नसते. तिथे एखाद्या चित्रपटाचा दाखला असतो आणि ‘मनात आणले तर एक शिक्षक काय करू शकत नाही!’ असा उद्गार असतो. असे म्हणणाऱ्याला पदे भरावी लागत नाहीत, वर्गखोल्या बांधाव्या लागत नाहीत. शिक्षकाने मनात आणले की झाले.

कामचुकार शिक्षक आहेतच, त्यांना अशा चित्रपटांनी लाज वाटली तर काय वाईट, असे कोणी म्हणेल. आमचा अनुभवाला धरून तर्क असा की कामचुकाराला चित्रपटाने लाज वाटत नाही. तो टाळ्या वाजवून घरी जातो. लाज वाटते ती चाळीस मुलांत राबून, बत्तीस जणांना वाचायला शिकवून उरलेल्या आठांसाठी रात्री कुढणाऱ्या शिक्षकाला. त्याचे ते वर्ष म्हणजे एस्कलांतेंचे १९७९ असते, दोन मुले उत्तीर्ण झालेले. आपण मात्र त्याची तुलना १९८२ शी करतो.

म्हणून विशेष विभागातल्या लेखकांना आम्ही आवडत्या प्रसंगांबद्दल लिहायला सांगितले नाही. चित्रपटातल्या शाळेचा मुख्याध्यापक काय करतो, खालच्या वर्गांना कोण शिकवते, तुकड्या कोण पाडते आणि नायक निघून गेल्यावर तिथे काय उरेल, हे शोधायला सांगितले. काहींनी शोधले, काहींनी आमच्याशी भांडण काढले. दोन्ही प्रकारचे लेख पुढच्या पानांवर आहेत. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांना हे म्हणणे पटले नाही तर त्यांनी सविस्तर पत्रे पाठवावीत, पुढील अंकात छापू. घाई नाही. दुसरे सत्र सुरू होऊन मतदार याद्यांचे काम हातावेगळे झाले की सवडीने लिहावे.