प्रलयानंतरची वाणसामानाची यादी

जग बुडाल्यानंतरच्या कथांना एक खोड जडली आहे. दोन तास सगळं बेचिराख झालेलं दाखवायचं आणि शेवटच्या मिनिटाला राखेतून हिरवा कोंब काढायचा. संगीत चढतं, प्रेक्षक डोळे पुसून उठतो. ‘वॉल-ई’ने (२००८) निदान तो कोंब जुन्या बुटात लावला आणि चित्रपटभर त्याची पळवापळवी करून त्याला घाम गाळायला लावला. इतरांचा कोंब फुकटचा असतो. फुकटच्या आशेवर विसंबणार कोण?

आशेचं प्रतीक कसं कमवावं लागतं, हे वॉल्टर मिलरच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ या १९५९च्या कादंबरीत दिसतं. अणुयुद्धानंतर लोक शास्त्रज्ञांवर आणि पुढे शिकल्यासवरल्या प्रत्येकावरच उलटले आहेत, पुस्तकांच्या होळ्या झाल्या आहेत. लीबोविट्झ नावाच्या विद्युत अभियंत्याने स्थापलेल्या पंथाचे साधू उरलेसुरले कागद सांभाळून आहेत. त्यांचा अर्थ कुणालाच लागत नाही. सहा शतकांनी फ्रान्सिस नावाच्या भाबड्या शिकाऊ साधूला एका पुरातन तळघरात खुद्द लीबोविट्झची चिठ्ठी सापडते. तीत काय, तर घरी येताना आणायचं खाणं! मठाच्या लेखी तो पवित्र अवशेष ठरतो. सोबत विद्युत मंडलाचा एक आराखडाही असतो, निळ्यावर पांढऱ्या रेघांचा. फ्रान्सिस त्याची सोनेरी वर्खाने नटवलेली प्रत करायला बसतो आणि त्यात पंधरा वर्षं घालवतो. तो निळा रंग निव्वळ नकला काढण्याच्या पद्धतीमुळे आलेला, त्यात गूढ असं काही नाही, हेही त्याला कळायला वेळ लागतो. पुढे वाटेत लुटारू त्याची लखलखती प्रत हिसकावतो आणि मूळ मळका कागद सोडून देतो. एका माणसाच्या पंधरा वर्षांमुळे वाचतो तो एक न कळलेला कागद. मला आशेचं याहून खणखणीत प्रतीक या साहित्यात दिसलेलं नाही.

मिलरला हे सुचलं ते उगाच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी बॉम्बफेकी विमानांवर होता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतला मॉन्ते कॅसिनोचा मठ जमीनदोस्त करणाऱ्या हल्ल्यात त्याचा सहभाग होता. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापलेला, पोथ्या जपण्यासाठी नावाजलेला तो मठ. पुढे मिलर कॅथलिक झाला आणि त्याने लिहिली ती पोथ्या जपणाऱ्या साधूंची गोष्ट.

एमिली सेंट जॉन मँडेलच्या ‘स्टेशन इलेव्हन’मध्ये (२०१४) साथीनंतर विमानतळावर अडकलेली माणसं बंद पडलेले फोन आणि निरुपयोगी क्रेडिट कार्डं मांडून संग्रहालय उभारतात. ते याच घराण्यातलं. पण मँडेल वाचकाला जपते, मिलर जपत नाही. साधूंनी जपलेल्या ज्ञानातून पुन्हा दिवे लागतात, त्याच ज्ञानातून पुन्हा बॉम्ब होतो आणि तिसऱ्या भागात जग दुसऱ्यांदा पेटतं. आपल्या प्रलयात वटपत्रावर बालमुकुंद पहुडलेला असतो, म्हणून पुढच्या सृष्टीची हमी असते. इथे तशी हमी द्यायला कुणी नाही. मूठभर साधू मुलांना आणि त्याच कागदपत्रांना घेऊन यानातून दुसऱ्या ताऱ्याकडे निघतात. तिथेही तोच घोळ होणार नाही असं मिलर कुठेही म्हणत नाही. तरी ते कागद मागे टाकून जा, असंही तो कुणाला सांगत नाही.

पटकथेच्या शेवटच्या पानावर कोंब लावायला बसलेल्यांनी आधी ही कादंबरी वाचावी आणि आपल्या कोंबासाठी कथेत कुणी किती वर्षं घातली, तेवढं मोजावं.