नव्व्याण्णव टक्के सज्जन

लिलाव हा आपल्याकडे डोळ्यांदेखत करायचा व्यवहार. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची बोली लागते तेव्हा व्यापारी गाडीपाशी उभा राहतो, दोन-चार कांदे हातात घेऊन दाबून पाहतो आणि मगच आकडा उच्चारतो. जप्तीच्या मालाचा लिलाव असो की जुन्या लाकूडसामानाचा, माल पुढ्यात असतो. बोली लावणारा फसला तर दोष त्याच्या डोळ्यांचा. संगणकाच्या पडद्यावरच्या लिलावाने नेमकी हीच सोय काढून घेतली. माल दिसतो तो छायाचित्रात. विकणारा शिकागोत, घेणारा सिएटलमध्ये. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नाही आणि पुढेही पाहण्याचा संभव नाही. पैसे आधी पाठवायचे आणि टपालाची वाट पाहत बसायचे. असला व्यवहार मुळात चालावाच का, असा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडेल. तरी तो चालला, फोफावला. त्याचे बरेचसे श्रेय एका साध्या कल्पनेला जाते. व्यवहार पुरा झाला की दोघांनीही एकमेकांविषयी चार शब्द, सर्वांना दिसतील असे, लिहून ठेवायचे. ही कल्पना उपयोगी ठरली यात वाद नाही. ती न्याय्य आहे का, हा प्रश्न मात्र तीस वर्षांनंतरही सुटलेला नाही, आणि आता तर तो लिलावाच्या बाहेर पडून तुमच्या-आमच्या दारात आला आहे.

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार या तरुण संगणकतज्ज्ञाने कॅलिफोर्नियात एक लिलावगृह इंटरनेटवर उघडले. तेच पुढे ‘ईबे’ झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तू मोडकी आहे हे ठाऊक आहे ना, असे ओमिड्यारने घेणाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो! जगात प्रत्येक मालाला गिऱ्हाईक असते ते असे. पण गिऱ्हाइके वाढली तशा तक्रारीही वाढल्या आणि त्या सगळ्या एकट्या ओमिड्यारच्या डोक्यावर येऊ लागल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने तोडगा काढला. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, थोडी नसतात. तेव्हा भांडण माझ्याकडे न आणता चांगले असेल ते चारचौघांत सांगा, वाईट असेल तेही चारचौघांत सांगा, असा त्याच्या आवाहनाचा आशय होता. अनुकूल शेऱ्याला अधिक एक, प्रतिकूल शेऱ्याला उणे एक. बेरीज दहावर गेली की नावापुढे पिवळा तारा, पन्नासला निळा, हजाराला लाल. गावातल्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या जमणारी पत इथे वर्षा-दोन वर्षांत, रंगीत ताऱ्यांच्या रूपाने जमू लागली.

आणि त्या पतीला रोख किंमत होती. पॉल रेझ्निक, रिचर्ड झेकहाउसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. जुनी चित्र-पोस्टकार्डे विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याने तशाच जोडीची कार्डे काही स्वतःच्या नावाने आणि काही नव्या, कोऱ्या नावांनी लिलावात ठेवली. माल तोच, माणूसही तोच. पण जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. किमतीतला हा फरक निव्वळ शेऱ्यांचा.

जिथे शेऱ्याला पैशाचे मोल येते तिथे शेरा निर्मळ राहणे अवघड होते. रेझ्निक आणि झेकहाउसर यांनीच त्याआधी १९९९ मधले ईबेवरील व्यवहार तपासले होते. निम्म्याच्या आसपास खरेदीदारांनी शेरे लिहिले होते आणि लिहिलेल्यांपैकी ९९.१ टक्के अनुकूल होते! प्रतिकूल जेमतेम ०.६ टक्के. शंभरातले नव्व्याण्णव सज्जन असा बाजार जगाच्या पाठीवर कोणी पाहिला आहे काय? आपल्या आळीतल्या वाण्याबद्दलसुद्धा शंभर घरांत विचारले तर नव्व्याण्णव घरे एका सुरात बोलणार नाहीत. तेव्हा एकतर ईबेवर रामराज्य अवतरले होते, नाहीतर माणसे मनातले लिहीत नव्हती.

माणसे मनातले लिहीत नव्हती. याला कारणे दोन, एक भीड आणि दुसरी भीती. भिडेचे आपल्याला वेगळे सांगायला नको. जेवण बेचव झाले तरी यजमाणीणबाईंना आपण छान झाले म्हणूनच सांगतो. भीड ही भिकेची बहीण हे ठाऊक असूनही सांगतो. समोरच्याने आधीच आपल्याविषयी उत्तम लिहिलेले असेल तर त्याच्याविषयी वाकडे लिहिणे जड जाते. मग माणूस काहीच लिहीत नाही. हे मौन किती बोलके असते ते ख्रिस नॉस्को आणि स्टीव्ह टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांच्या पाहणीत ईबेवरच्या विक्रेत्यांच्या अनुकूल शेऱ्यांची सरासरी होती ९९.३ टक्के. पण ज्या विक्रेत्यांचे ग्राहक न लिहिताच निघून जात त्यांच्याकडून माल घेणारे पुन्हा त्या बाजारात कमी फिरकत. नाराज माणूस भांडला नाही. तो नुसता उठून गेला. शेऱ्यांच्या टक्केवारीत मात्र त्याची कुठेही नोंद नाही.

भीतीचा मामला अधिक गंभीर आहे. कागदावर पाहिले तर नियम समानतेचा होता: तू माझ्याविषयी लिही, मी तुझ्याविषयी लिहितो. पण व्यवहाराचा क्रम लक्षात घ्या. खरेदीदाराने पैसे भरले की त्याची बाजू संपली. खरे तर विक्रेत्याने त्याच क्षणी लिहायला हवे की पैसे वेळेवर मिळाले, गिऱ्हाईक चोख आहे. तसे न करता बरेच विक्रेते थांबून राहत. तू काय लिहितोस ते पाहतो, मग माझे सांगतो! फुटकी बरणी हातात पडलेल्या माणसाने खरे लिहिले की त्याच्याही नावावर लगोलग काळा डाग पडे. बोल्टन, ग्राइनर आणि ओकेनफेल्स यांनी या शेऱ्यांच्या वेळा तपासल्या तेव्हा विक्रेत्याचा प्रतिकूल शेरा बहुधा खरेदीदाराच्या प्रतिकूल शेऱ्यापाठोपाठच येतो हे उघड झाले. म्हणजे ते मत नव्हते, तो सूड होता. आणि सूड दिसला की बाकीचे शहाणे होतात, तोंड मिटून घेतात. दोघांनाही सारखेच हत्यार दिले म्हणजे न्याय झाला असे आपण समजतो. पण ज्याचा हात दगडाखाली अडकला आहे त्याला ते हत्यार उचलता येत नाही.

ईबेने अखेर २००८ मध्ये पाऊल उचलले. घोषणा जानेवारीत झाली आणि मे महिन्यापासून विक्रेत्याचा खरेदीदाराविषयी प्रतिकूल लिहिण्याचा हक्क काढून घेण्यात आला. चांगले लिहा, नाहीतर गप्प बसा. विक्रेते खवळले. फेब्रुवारीत अनेकांनी आठवडाभर माल न मांडण्याचा बहिष्कारही पुकारला. त्यांचे म्हणणे असे की बोली लावून पैसे न देणारे, वापरून झालेली वस्तू खराब म्हणून परत करणारे, ‘निम्मे पैसे परत करा नाहीतर वाईट लिहीन’ म्हणणारे लोक काय कमी आहेत? त्यांच्याविषयी पुढच्या दुकानदाराला सावध कोणी करायचे?

निकाल विक्रेत्यांच्या विरुद्ध गेला, आणि पुरावाही बऱ्याच अंशी ईबेच्या बाजूने आहे हे मान्य केले पाहिजे. तीन युरोपीय अर्थशास्त्रज्ञांनी, क्लाइन, लांबेर्ट्‌झ आणि श्टाल यांनी, या बदलाचा पुढे अभ्यास केला. ग्राहकांचे समाधान वाढलेले आढळले. आणि त्यासाठी वाईट विक्रेते बाजार सोडून गेले असेही नव्हते. होते तेच विक्रेते नीट वागू लागले. सूड घेता येत नाही म्हटल्यावर माल जपून बांधला जाऊ लागला, वर्णन खरे लिहिले जाऊ लागले. नियम बदलला की माणूस बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

तरीही मला हा निकाल अर्धाच न्याय वाटतो. ईबेने एका बाजूची दहशत मोडली ती दुसऱ्या बाजूला निर्भय करून. खरेदीदाराच्या नावापुढचा आकडा आता केवळ चांगल्याचाच असतो, म्हणजे त्याला अर्थ उरलेला नाही. शेऱ्याची धमकी देऊन पैसे उकळण्याला ईबेचे नियम मनाई करतात, विक्रेत्याला शेऱ्याखाली उत्तर लिहिता येते, ही गोष्ट खरी. पण शेरा काढायचा की ठेवायचा हे कंपनी ठरवते, आणि कंपनीची कमाई दोघांच्याही व्यवहारावर चालते.

त्यात टक्केवारीचे गणित छोट्या माणसाला मारते. समजा, घरच्या घरी जुनी तिकिटे विकणाऱ्या बाईंचे वर्षाला पंचवीस शेरे आहेत आणि त्यांतला एक वाईट. त्यांचे गुण ९६ टक्के. गोदाम भरून माल विकणाऱ्या बड्या दुकानाचे पाच हजार शेरे आहेत, त्यांत चाळीस वाईट. त्याचे गुण ९९.२. एकीने एका माणसाला नाराज केले, दुसऱ्याने चाळिसांना. आणि यादीत वर कोण दिसतो? शिवाय तो एक वाईट शेरा एखाद्या तिरसट गिऱ्हाइकाचा असू शकतो. हजारोंच्या ढिगात असा माणूस बुडून जातो, पंचविसांत तो उठून दिसतो. पोस्टकार्डांच्या प्रयोगात नव्या नावांवरच्या एक-दोन वाईट शेऱ्यांनी किंमत घसरली नाही हे वाचून थोडे बरे वाटते. माणूस वाचतो तेव्हा तारतम्य ठेवतो. पण आता कोणाचा माल आधी दाखवायचा हे पुष्कळ ठिकाणी यंत्र ठरवते, आणि यंत्राला तिरसट माणूस कसा ओळखू येणार?

याला उपाय नाही असे नाही. घरे भाड्याने देणाऱ्या ‘एअरबीएनबी’ने २०१४ मध्ये तो स्वीकारला. यजमान आणि पाहुणा दोघांनी आपापले लिहायचे, पण दोघांचे लिहून होईपर्यंत किंवा १४ दिवसांची मुदत संपेपर्यंत कोणालाच काही दिसत नाही. बंद पाकिटेच म्हणा ना. समोरच्याने काय लिहिले ते ठाऊक नसेल तर सूडही घेता येत नाही आणि परतफेडीचे गोड बोलणेही उरत नाही. यात माणसे कमी लिहितात असा आक्षेप आहे. लिहोत बापडी कमी! दबावाखाली आलेल्या शंभर शेऱ्यांपेक्षा मोकळेपणाने आलेले तीस मला जास्त कामाचे वाटतात. आणि जे लिहीत नाहीत त्यांचाही आकडा शेजारी छापावा: इतके व्यवहार, इतके अनुकूल, इतके प्रतिकूल, इतके अबोल. दोन विक्रेत्यांची टक्केवारी सारखी असली तरी अबोलांचा रकाना सारखा नसेल.

आपल्याकडे हा बाजार मुंबईतूनच आला. २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ सुरू झाले, २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतातले दुकान बंद झाले. त्याच्या ‘पैसापे’ व्यवस्थेत ग्राहकाचे पैसे माल पोहोचेपर्यंत मधल्या मध्ये राखून ठेवले जात. दगडाखालचा हात सोडवण्याची ही दुसरी तऱ्हा, आणि ताऱ्यांपेक्षा भरवशाची. लिलाव गेला पण तारे राहिले. टॅक्सीवाला, जेवण आणून देणारा मुलगा, नळ दुरुस्त करायला येणारा, सगळ्यांना आपण आता गुण देतो. खोट्या शेऱ्यांविषयी सरकारनेही लक्ष घातले: ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती करायला २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी बंदी आहे आणि भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. हे सारे ग्राहक फसू नये म्हणून. ते हवेच. पण ज्याला गुण मिळतात त्याची दाद कुठे लागायची? ज्याचे पोट गुणांवर आहे आणि ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, अशा दोघांमधला हा व्यवहार आहे. पावसात गाडी अडकली म्हणून आमटी निवली, त्याचे दोन तारे जातात ते आणणाऱ्याच्या खात्यावर.

यात आपल्या सवयीचाही भाग आहे. शंभरातले साठ म्हणजे पहिला वर्ग, या हिशेबात वाढलेली आमची पिढी. पाचातले तीन तारे देताना आपण बरेच उदार झालो असे आमच्यातल्या निवृत्त मास्तरांना मनापासून वाटते. पाच द्यायला काय तो देव आहे? पण जिथे बाकीच्यांची सरासरी पाचाला टेकलेली असते तिथे तीन म्हणजे नापास. पट्टी एक आणि मोजणारे हात निराळे. ही पट्टी कशी वाचली जाते हे गुण मागणाऱ्या पडद्यावर एका ओळीत लिहायला कोणाची हरकत असावी?

ईबेवरच्या विक्रेत्याने मात्र आपल्यापुरती वाट काढली आहे. ज्या गिऱ्हाइकाचा वाईट अनुभव आला त्याचे नाव तो एका यादीत टाकतो. मग त्याला या दुकानातल्या मालावर बोली लावता येत नाही. १९९६ च्या आधी दुकानदार वहीच्या मागच्या पानावर अशी नावे टिपून ठेवत, त्यातलाच हा प्रकार. ती यादी त्याची एकट्याची असते. शेजारच्या विक्रेत्याला ती दिसत नाही, आणि यादीतल्या माणसाला आपण तिथे का आहोत हे विचारायची सोय नाही.