पलटणीच्या पाठीमागचं पुणं

गंगाधाम चौकातून लुल्लानगरकडे जाताना पुढ्यात लष्कराचा ट्रक आला, तर ओव्हरटेक करण्याआधी त्याची नंबरप्लेट वाचून बघा. 'एमएच १२' कुठेच दिसणार नाही. सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो आणि गाडी लष्करात कोणत्या साली दाखल झाली ते त्यापुढचे दोन आकडे सांगतात. तिची नोंद आरटीओकडे नसते, संरक्षण मंत्रालयाकडे असते. हौद्यात डोकावलं तर बहुधा बंदुका दिसत नाहीत. वळकट्या असतात, सुटे भाग असतात, कधी नुसत्या लाकडी पेट्या. बिबवेवाडीकरांच्या रोजच्या वाटेवर लष्कर असं दिसतं, आणि त्याचं हेच रूप आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे.

या सदरात मी शहर घडवणाऱ्या संस्थांबद्दल लिहितो. लष्करावर लिहायचं म्हटलं की वाचकांची अपेक्षा सीमेवरच्या शौर्याची असते. त्या शौर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण लढणारा जवान ज्या माणसांच्या, कारखान्यांच्या आणि दवाखान्यांच्या आधारावर उभा असतो, त्यांच्याविषयी पुणेकरांनी बोलायला हवं, कारण तो आधार मोठ्या प्रमाणावर आपल्याच शहरात आहे.

आधी रचना पाहू. दहा जणांचा सेक्शन, त्याचा म्होरक्या हवालदार. तीन सेक्शनची प्लाटून, तिच्यावर बहुधा सुभेदार किंवा नायब सुभेदार. तीन प्लाटूनची कंपनी. चार रायफल कंपन्या आणि मदतीच्या तुकड्या मिळून पलटण होते. सातारा-सांगलीकडे 'थोरला पलटणीत आहे' असं म्हणतात ती हीच, साधारण आठशे माणसांची, कर्नलच्या हाताखालची. काही पलटणींची ब्रिगेड, ब्रिगेडींची डिव्हिजन, त्यावर कोअर आणि सगळ्यात वर कमांड. भूदलाच्या अशा सात कमांड आहेत, त्यांतली सिमल्याची प्रशिक्षणासाठी. १८९५ साली मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांच्या वेगवेगळ्या फौजा मोडून एकच सेना उभी करण्यात आली. आपली दक्षिण कमांड तेव्हापासूनची. तिचं मुख्यालय पुण्यात, पण तिच्या कोअर जोधपूर आणि भोपाळला. म्हणजे राजस्थानच्या वाळवंटातल्या आघाडीची सूत्रं पुण्यातून हलतात. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाची लढाई झाली, तेव्हा या कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर. पुढे ते लष्करप्रमुख झाले.

ही झाली लढणाऱ्या हातांची उतरंड. तिच्या जोडीला दुसरी आहे: शिधा पोचवणारी आर्मी सर्व्हिस कोअर, दारूगोळा आणि कपडालत्ता सांभाळणारी ऑर्डनन्स कोअर, रणगाड्यापासून रेडिओपर्यंत सगळं दुरुस्त करणारी ईएमई, वैद्यकीय कोअर. पुण्याचा नकाशा या अंगानं पाहावा. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आणि बेस वर्कशॉप. दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. देहूरोडला आयुध कारखाना आणि डेपो. पाषाणला शस्त्रास्त्रांची संशोधन संस्था. बिबवेवाडीच्या पलीकडे वानवडीला कमांड हॉस्पिटल, १९४८ साली सुरू झालेलं सेनादलांचं वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) आणि कृत्रिम अवयव केंद्र.

या शेवटच्या ठिकाणाशी जरा थांबतो. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली ते सुरू झालं. तिथलं काम बारकाईनं समजून घेण्यासारखं आहे. सुरुंगावर पाय पडून गुडघ्याखालचा भाग गेलेला जवान येतो, तेव्हा पहिलं काम असतं ते उरलेल्या भागाचं प्लास्टरमध्ये माप घेण्याचं. त्या मापावरून साचा, साच्यावरून सॉकेट. सॉकेट कुठे घट्ट बसावं आणि कुठे मोकळं राहावं हे अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकावर ठरतं. हाडावर दाब आला की कातडी फाटते, जखम होते आणि माणूस पाय वापरायचं सोडून देतो. मग पाऊल जोडायचं, कोन जुळवायचा, दोन समांतर दांड्यांमध्ये धरून पहिली पावलं टाकायला लावायची. महिन्या-दोन महिन्यांत सूज उतरते, उरलेला भाग बारीक होतो आणि तेच सॉकेट ढिलं पडतं. पुन्हा माप, पुन्हा साचा. हे करणाऱ्या तंत्रज्ञाच्या बोटांतलं कसब वर्षानुवर्षांच्या सरावातून येतं. गावी परतलेला तो जवान शेताच्या बांधावरून चालू शकेल की नाही, हे त्या कसबावर अवलंबून असतं. या केंद्राचा उपयोग नागरिकांनाही होतो, हे बिबवेवाडीतल्या किती जणांना माहीत असेल?

ही पाठची बाजू कच्ची राहिली की काय होतं, ते १९६२ च्या चीन युद्धात देशानं पाहिलं. नामका चू नदीच्या काठावर आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. हिंमत कुठेच कमी पडली नाही. कमी पडले ते रस्ते, गरम कपडे, काडतुसं आणि दिल्लीत एकमेकांशी नीट बोलणारी माणसं. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानानं सांगतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. त्यांनी तिथे जाऊन काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना त्यांनी रोज सकाळी एकत्र बसवायला सुरुवात केली. १९६४ ते ६९ ची पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली, सव्वाआठ लाखांच्या भूदलाचं आणि डोंगरी युद्धासाठीच्या डिव्हिजनचं उद्दिष्ट ठरलं. हे सगळं बैठकांचं, तक्त्यांचं, पुरवठ्याचं काम. माझ्या लेखी ते रणांगणाइतकंच महत्त्वाचं आहे. संविधानानं सेनादलांचं सर्वोच्च नेतृत्व राष्ट्रपतींना दिलं आणि कारभार निवडून आलेल्या सरकारकडे ठेवला. ती चौकट जिवंत ठेवायची तर मंत्र्याला बुटांच्या मापापर्यंत लक्ष घालावं लागतं. चव्हाणांनी ते घातलं.

लष्कराच्या अशा बंदुकीपलीकडच्या कामाचा अनुभव पुण्याला स्वतःलाही आहे. ११ जुलै १९६१ च्या रात्री पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण खचत होतं आणि लष्कराचे जवान भर पावसात त्यावर पोती रचत होते. धरण वाचलं नाही. पण ते रात्री न फुटता १२ जुलैच्या सकाळी फुटलं, आणि लोंढा पेठांमध्ये शिरला तो दिवसाउजेडी. तेवढ्या तासांनी किती जीव वाचले असतील, याचा विचार आला की आजही छाती भरून येते. त्या पुरानंतर शहर पर्वतीच्या मागे सरकलं, सहकारनगर वसलं आणि पुढे बिबवेवाडीचं गाव शहरात मिसळून गेलं. मुलकी प्रशासनाच्या हाकेला ओ देणं हे लष्कराचं नेमून दिलेलं काम आहे. २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या महापुरात होड्या घेऊन उतरलेले जवान याच कर्तव्यावर होते.

पोती रचणं, पूल टाकणं, सुरुंग काढणं ही सॅपरची कामं. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर स्वतः जखमी असताना त्यांनी रणगाड्याच्या खाली राहून, त्याच्याबरोबर सरपटत, दोरीनं चालकाला इशारे देत सुरुंगांतून वाट काढली. परमवीर चक्र त्यांना हयातीत मिळालं, आणि १९९४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं. हातात बंदूक नसताना गाजवलेला हा पराक्रम आहे, आणि तो शिकलेल्या हाताचा आहे.

म्हणून सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेतली एक गोष्ट मला खटकते. जून २०२२ मध्ये ती जाहीर झाली. प्रशिक्षण धरून चार वर्षं सेवा, नंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करायचं, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी आणि पेन्शन नाही. फौज तरुण राहावी, हा हेतू मला पटतो. पायदळाच्या बाबतीत त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण सॅपर, ईएमईचा मेकॅनिक, शस्त्रक्रियेत मदत करणारा वैद्यकीय सहायक यांचा हात चार वर्षांत जेमतेम बसतो. रणगाड्याच्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारा हवालदार दहा-बारा वर्षांनी तयार होतो. असा माणूस तयार होण्याआधीच आपण त्याला घरी पाठवणार असू, तर सेवा निधीनं त्याची वेळ भागेल, पण वर्कशॉपमधली त्याची जागा भरून निघणार नाही.

तळजाईवर पहाटे सोळाशे मीटरची तयारी करणारी पोरं भेटतात. 'जीडी'त (जनरल ड्यूटी) नंबर लागला नाही तर टेक्निकल, तेही नाही तर ट्रेड्समन, असा त्यांचा हिशेब असतो. आयटीआय झालेला, फिटर किंवा डिझेल मेकॅनिक असलेला पोरगाही आधी 'जीडी'च म्हणतो, कारण चारच वर्षं मिळणार असतील तर त्यातल्या त्यात तेच बरं, असं त्याला वाटतं. या मुलांना दोष देता येणार नाही.

भूदलातली अग्निवीरांची, म्हणजे या योजनेतून भरती झालेल्यांची, पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली. २०२७ उजाडेल तेव्हा तिची चार वर्षं भरलेली असतील. तोवर संरक्षण मंत्रालयानं तांत्रिक शाखांसाठी पंचवीस टक्क्यांची अट सैल करून निदान निम्म्यांना कायम करावं. जे बाहेर पडतील त्यांच्यासाठी खडकी आणि देहूरोडच्या कारखान्यांत, बेस वर्कशॉपमध्ये आणि कृत्रिम अवयव केंद्रासारख्या ठिकाणी नागरी तंत्रज्ञांच्या जागा राखाव्यात. पुण्याच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा, आणि बिबवेवाडीच्या मतदारांनी तो त्यांना विचारायला लावावा.