ई-पीक पाहणी आणि खात्यांचे सांधे

ता. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात पीकपाहणीचे काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आले. महसूल व कृषी ही दोन खाती आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने ही व्यवस्था उभी राहिली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून मोबाईलवर पीक नोंदवावे, छायाचित्र घ्यावे, व तलाठ्याने त्यांपैकी काही नोंदी तपासाव्या. कल्पना उत्तम होय. चावडीत बसून मागील वर्षाचा नमुना बारा पुढे उतरविण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

परंतु या एका नोंदीस हात किती लागतात ते पाहा. जागा उपग्रहावरून ठरते, खाते भूमि अभिलेखातून येते. आणि पीकविमा, भाताची आधारभूत खरेदी, नुकसानभरपाई ही सारी त्या नोंदीकडे पाहतात. त्यात शेतकरी ओळख क्रमांकाची भर पडली. 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांस तो आवश्यक झाला. प्रत्येक खात्याचे यंत्र आपापल्या ठायी चोख असेल. अडचण उपजते ती दोन यंत्रांच्या सांध्यात.

अंबरनाथ पूर्वेकडील एखादे भातखाचर घ्या. गट लहान, खाते सामाईक. नकाशा व बांध यांत फरक असला की खाचरात उभ्या माणसास यंत्र गटाबाहेरचा ठरविते. सातबाऱ्यावर नाव मराठीत, आडनावाविना. आधारवर इंग्रजीत, आडनावासह. माणूस एक, पण यंत्रास तो दोन दिसतो. सातबाऱ्यावरील लेखनप्रमादासाठी जमीन महसूल संहितेच्या 155 व्या कलमाखाली तहसीलदार, आधारसाठी आधार केंद्र, नकाशासाठी भूमि अभिलेख कार्यालय. तोवर मुदत उलटते व भातही कापून होतो. मग छायाचित्र कशाचे घ्यावयाचे?

जुन्या कचेरीत बारनिशी असे. कागद आत आला की त्यास क्रमांक व तारीख पडे, आणि तो कोणत्या टेबलावर आहे ते वहीत दिसे. पक्षकारास टेबले ठाऊक असण्याची गरज नसे. इतक्या संस्था एकत्र जोडताना ही साधी वहीच कोणी आखली नाही, असे माझे मत आहे. तक्रार साज्यावरच घ्यावी, तिला एकच क्रमांक द्यावा, व खात्यांनी ती आपसांत फिरवावी. ती दाखल झाल्याच्या दिवशी नोंदीची मुदत पाळली गेली असे धरावे. खोट्या तक्रारी येतील हा आक्षेप खरा. त्यास स्थळपाहणी हा जुनाच उपाय आहे, मात्र ती पीक उभे असताना व्हावी.

खरीपाच्या नोंदी सुरू होण्यापूर्वी आपल्या सोसायटीने या आशयाचा अर्ज तहसीलदारांकडे द्यावा, आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.