दोन सह्यांचा हिशेब
यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी प्रेषित पौलाने मासेदोनिया आणि अखया प्रांतांतून वर्गणी जमवली. तिथल्या कितीतरी मंडळ्या त्यानेच उभ्या केलेल्या. हक्काने पैसे घेऊन जाता आले असते. पण करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून पाहा. या कामावर तो आपला सहकारी तीत याला एकट्याला धाडत नाही. सोबत आणखी दोघे देतो, त्यांतला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. कारणही आडपडदा न ठेवता सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवायला नको, व्यवहार देवासमोर चोख हवा तसा माणसांच्या नजरेतही. आपल्याकडच्या मंडळ्यांत मात्र ‘खजिनदार देवमाणूस आहेत, त्यांना काय हिशेब विचारायचा’ म्हणत विषय मिटवतात आणि त्या भल्या माणसालाच उद्या संशयाच्या तोंडी देतात. हे मला फार खटकतं. उपासना संपली की दानाची थैली सर्वांदेखत टेबलावर उघडावी, दोघांनी नोटा-नाणी मोजावीत, वहीत रक्कम अक्षरी लिहून तिथेच सह्या कराव्यात आणि सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरावी. चहापाण्याचे पन्नास रुपयेसुद्धा त्यातून परस्पर काढू नयेत. खर्च झाला असेल तर व्हाऊचर करून नंतर घ्यावेत.