छायाचित्रकारांची नवी दवंडी

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एका भाचीचें लग्न पुण्यास झालें. पाठवणीच्या वेळीं तिच्या वडिलांस रडूं आवरेना. चारचौघांत कधीं टिपूस न काढलेला हा मनुष्य मांडवाच्या एका खांबाआड जाऊन, उपरण्यांत तोंड लपवून उभा राहिला. खांबाआड कॅमेरा होता. तिसऱ्या दिवशीं तें सारें दृश्य, मागें सिनेमाचें गाणें आणि खालीं छायाचित्रकाराचें नांव व क्रमांक अशा थाटांत, इन्स्टाग्रामवर झळकलें. घरच्या मंडळींस ही वार्ता नागपूरच्या एका ओळखीच्या बाईंकडून कळली. छायाचित्रकारास विचारतां तो तरुण जराही ओशाळला नाहीं. "काका, या एका रीलवर मला तीन लग्नांचीं कामें आलीं," असें त्यानें मोठ्या कौतुकानें सांगितलें.

त्याची बाजू आम्हांस समजत नाहीं असें नाहीं. पेठेंत दुकान थाटण्याची ऐपत नसलेल्या जळगांव-साताऱ्याकडील होतकरू माणसास या माध्यमानें परगांवचीं कामें मिळवून दिलीं आहेत, आणि धंदा म्हटला कीं जाहिरात आलीच. प्रश्न इतकाच कीं, माल कोणाचा? हलवाई स्वतःची जिलबी मांडतो. शिंपी गिऱ्हाइकानें पैसे मोजून शिवविलेला कोट त्यास न विचारतां दाराशीं टांगीत नाहीं. आपल्याकडील १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदाही हेंच सांगतो. मोबदला देऊन दुसऱ्याकडून काढविलेल्या छायाचित्राचा अथवा चित्रफितीचा पहिला धनी, उलट करार नसल्यास, ती काढविणारा होय. हें कलम किती छायाचित्रकारांनीं वाचलें असेल? ज्यांनीं वाचलें त्यांनीं दरपत्रकाच्या तळाशीं, पाव इंचांत मावेल अशा अक्षरांत, जाहिरातीच्या हक्काची एक ओळ घालून आपली सोय करून घेतली. लग्नघाईंत असलेला वधूपिता ती वाचील अशी त्यांचीही अपेक्षा नसते. शिवाय चित्र चढवितांना त्या कंपनीस तें फुकट वापरण्याची जगभरची परवानगी द्यावी लागते, ती निराळीच. ती देणारा छायाचित्रकार. चेहरा मात्र आमच्या मेहुण्यांचा!

या धंद्यास इभ्रतीचें भान कधीं नव्हतेंच असें कोणी म्हणूं नये. राजा दीनदयाळ यांनीं हैदराबादेस १८९२ सालीं पडदानशीन स्त्रियांकरितां निराळा स्टुडिओ काढला आणि तेथील काम स्त्रियांच्याच हातीं ठेवलें. चित्र काढावयाचें, पण तें कोणी पाहावें हें ज्याचें त्यानें ठरवावें, ही साधी गोष्ट त्या काळच्या धंदेवाइकास उमगली होती. उलट दादासाहेब फाळके यांच्या बडोद्याच्या छायाचित्रांच्या धंद्यास, कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो या समजुतीमुळें ओहोटी लागली असें सांगतात. त्या भोळ्या लोकांस हसतांना हल्लीं आमचें हसें थोडें अडखळतें.

बरें, ज्या दारांत ही दवंडी पिटावयाची, तें दार तरी छायाचित्रकाराचें आहे काय? इन्स्टाग्राम २०१० सालीं निघालें तें छायाचित्रांसाठीं. दोन वर्षांत फेसबुकानें तें विकत घेतलें. २०१६ सालीं चित्रें कालक्रमानें दाखविण्याची रीत सोडून कोणतें चित्र कोणास दिसावें हें यंत्र ठरवूं लागलें. २०२० च्या जूनमध्यें आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्यें येथें रील अवतरली. पुढल्याच वर्षीं, आतां हें केवळ छायाचित्रांचें स्थान नव्हे, असें त्या संस्थेचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीं उघड सांगून टाकलें. म्हणजे घरमालकानें दवंडी पिटून भाडेकरूस नको म्हटलें, तरी भाडेकरू ओसरीवर बसून आहे, आणि मालकाची मर्जी राखण्यासाठीं आपली विद्या सोडून नाचगाणीं बसवीत आहे!

याचा परिणाम कॅमेऱ्यापुरता राहत नाहीं. याच लग्नांत अंतरपाट दोनदां धरला गेला; पहिल्यानें मुहूर्तासाठीं, मागाहून रीलसाठीं. दुसऱ्या खेपेस पाहुणे पंगतीस बसले होते, म्हणून छायाचित्रकाराच्या मदतनिसांनींच अक्षता उधळल्या. मुलगी हसली, पण कॅमेऱ्याकडे पाहून. भटजींनीं मंगलाष्टकें म्हणण्याचा अभिनय केला. खरें तें पाठवणीच्या वेळचें रडें, आणि नेमकें तेंच बाजारांत मांडलें गेलें.

आमचें मागणें फार नाहीं. काम हातीं आल्यावर, चित्रें पाहून झाल्यावर, यांतील अमुक दहा मी लोकांस दाखवूं काय, असें छायाचित्रकारानें विचारावें आणि उत्तर लिहून घ्यावें. नकार मिळाल्यास दर वाढवूं नये. चित्रांतील माणूस पैसे देणाऱ्याहून निराळा असेल, तर त्यासही विचारावें. मेहुण्यांस तें विचारावयास अर्धें मिनिट पुरलें असतें.

तक्रार केल्यावर त्या तरुणानें रील दुसऱ्या दिवशीं काढून टाकली, हें त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. तोंवर शालू विकणाऱ्या एका दुकानानें ती उचलून आपल्या नांवावर लावली होती. तेथें ती अजून आहे.